बढती नसलेल्या नोकरीचा हिशेब

नोकरी वाईट नाही, हीच खरी अडचण असते. साहेब ओरडत नाही, पगार एक तारखेला खात्यात पडतो, साडेनऊला घर सोडले तरी चालते आणि मुलाच्या शाळेत पालकसभा असली तर दोन तास सुटायला कोणाचे पाय धरावे लागत नाहीत. फक्त वर जायला जागा नाही. कारखान्याच्या हिशेब विभागात मॅनेजर एकच आणि तो आपल्याहून चार वर्षांनीच मोठा. घरगुती मालकीच्या कंपनीत वरच्या खुर्चीवर मालकाचा मुलगा बसणार, हे तो बारावीत असल्यापासूनच ठरलेले. महाविद्यालयात ग्रंथपालाचे पद एक, आणि त्यावर नेमणूक परवाच झालेली. अशा नोकरीतला माणूस एप्रिलमध्ये पगारवाढीचे पत्र हाती आले की आठ दिवस अस्वस्थ होतो, दोन ठिकाणी बायोडेटा पाठवतो आणि मे संपेपर्यंत सगळे विसरून जातो. पुढच्या एप्रिलमध्ये तेच. या अस्वस्थतेला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. वडीलधारे म्हणतात, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. मित्र म्हणतात, अरे, असा किती दिवस सडत राहणार? दोघेही एकच माप लावत असतात, ते म्हणजे बढती. एकाला वाटते बढतीपेक्षा स्थैर्य मोठे, दुसऱ्याला वाटते स्थैर्यापेक्षा बढती मोठी. हे मापच चुकीचे आहे, असे मला मांडायचे आहे. नोकरीत राहावे की नाही हे वरची पायरी आहे की नाही यावरून ठरवू नये. या नोकरीत काढलेल्या प्रत्येक वर्षाने बाहेरच्या जगातली आपली किंमत वाढते की घटते आणि मिळणाऱ्या सुखाचे आपण काय करतो, यावरून ते ठरवावे.

आधी बढतीचाच हिशेब करू. आठ कारकुनांवर एक हेडक्लार्क आणि आठ हेडक्लार्कांवर एक अधिकारी अशी एखाद्या कचेरीची ढोबळ रचना धरली, तर ६४ कारकुनांवर ८ हेडक्लार्क आणि सर्वांत वर एक अधिकारी होतो. हेडक्लार्कची प्रत्येक खुर्ची दहा वर्षांनी एकदा रिकामी होते असे समजा. तीस वर्षांच्या नोकरीत तीन फेऱ्या होतील आणि फार तर २४ जणांना बढती मिळेल. उरलेले ४० जण पहिल्याच पायरीवर निवृत्त होतील. यात कोणी आळशी नव्हते, कोणाचा वशिला चालला नाही, कोणावर अन्याय झाला नाही. पिरॅमिडचा आकारच तसा आहे. ही अडचण सरकारनेही मान्य केली आहे. केंद्र सरकारने १९९९ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी आश्वासित प्रगतीची योजना आणली. तिच्यात १२ आणि २४ वर्षे बढतीविना गेली तर वरची वेतनश्रेणी मिळे. २००८ मध्ये योजना सुधारली आणि टप्पे १०, २० व ३० वर्षांचे झाले. महाराष्ट्र शासनाचीही याच धर्तीवरची योजना आहे. हुद्दा तोच, टेबल तेच, पगार मात्र एक स्तर वर. म्हणजे वरच्या जागा सर्वांना पुरणार नाहीत हे गृहीत धरूनच ही व्यवस्था बांधली गेली. मात्र केंद्राच्या योजनेत एक मेख आहे. आलेली बढती बदली टाळण्यासाठी नाकारली, तर हा आर्थिक लाभही हातचा जातो, कारण मग तुम्ही अडकून पडलेले धरले जात नाही, स्वखुशीने थांबलेले धरले जाता. खासगी नोकरदारानेही हा भेद स्वतःपुरता करून पाहावा. तो अडकला आहे, की थांबला आहे?

बढती मिळालेल्यांचे सगळेच भले होते असेही नाही. लॉरेन्स पीटर यांनी रेमंड हल यांच्यासोबत १९६९ मध्ये एक खोचक सिद्धांत मांडला होता. माणूस ज्या कामात चांगला असतो त्यातून वर उचलला जातो, आणि जे काम त्याला जमत नाही तिथे पोचला की कायमचा थांबतो. हा विनोद म्हणून वाचला गेला, पण पुढे अमेरिकेतल्या विक्री विभागांची माहिती अर्थतज्ज्ञांनी तपासली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले की सर्वाधिक विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त असते, मात्र साहेब म्हणून त्यांची कामगिरी तुलनेने फिकी पडते. उत्तम विक्रेता गेला आणि सुमार साहेब आला, असा दुहेरी तोटा. ज्याला हिशेबाच्या वह्या जुळवण्यात आनंद आहे त्याला बारा माणसांच्या रजा, रुसवे आणि तक्रारी सांभाळण्यात तो मिळेलच असे नाही. तेव्हा बढती नाही म्हणून खंतावण्याआधी, ती मिळाली असती तर सोमवारी सकाळी नेमके काय करावे लागले असते, याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. अनेकांना हवा असतो तो वरचा पगार आणि पत्रिकेवर छापायचा हुद्दा. ते काम नको असते.

मग अशा नोकरीत दुखते काय? याचे बरेच चांगले उत्तर ब्रिटनच्या सरकारी कचेऱ्यांतून आले आहे. लंडनच्या व्हाइटहॉल भागातल्या सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. पुढे मायकेल मार्मट यांच्या नावाने तो जगभर ओळखला गेला. हे सगळे कायम नोकरीतले लोक होते, उपासमार कोणाचीच नव्हती आणि सरकारी आरोग्यसेवा सर्वांना सारखीच खुली होती. तरीही हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक निघाले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जमेस धरूनही निम्म्याहून कमी फरक उलगडत होता. १९८५ मध्ये १०,३०८ स्त्री-पुरुषांना घेऊन दुसरा अभ्यास सुरू झाला, आणि त्यात कामाच्या स्वरूपाबद्दलही प्रश्न विचारले गेले. आपले काम कोणत्या क्रमाने करायचे, कधी थांबायचे, कोणती पद्धत वापरायची, यावर ज्यांचा स्वतःचा ताबा कमी होता त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त होता. श्रेणीश्रेणीतल्या तफावतीचा मोठा भाग या एका गोष्टीने समजावता येत होता. यावर कोणी म्हणेल की शेवटी खालच्याच श्रेणीत त्रास निघाला ना, म्हणजे बढती महत्त्वाचीच ठरली. आक्षेप रास्त आहे, पण ताबा आणि हुद्दा ही जोडी नेहमी एकत्र फिरत नाही. एकाच पगाराच्या दोन टायपिस्टांपैकी एकीला दिवसाचे काम स्वतः आखता येते, तर दुसरीला दर पंधरा मिनिटांनी हाक येते. बढती न मिळताही ताबा वाढू शकतो आणि बढती मिळून तो घटतो, हे कुठल्याही शाखा व्यवस्थापकाला विचारावे. म्हणून पहिला प्रश्न हा की या नोकरीत माझा दिवस किती माझा आहे? आरामाची म्हणून मिरवली जाणारी नोकरी कधीकधी फक्त रिकामी असते. माणूस आठ तास कोणाच्या तरी हाकेची वाट पाहत बसलेला असतो, आणि त्या बसण्याचा शीण कामापेक्षा जास्त असतो.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि इथे सरकारी व खासगी नोकरीत गल्लत होते. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत वार्षिक वाढ ३ टक्के आहे. हे ऐकून खासगी कंपनीतला माणूस आपल्या ३ टक्क्यांवरही समाधान मानतो. पण सरकारी कर्मचाऱ्याला त्या वाढीखेरीज महागाई भत्ता मिळतो, आणि महागाई वाढेल तसा तो वर्षातून दोनदा वाढवला जातो. खासगीत ३ टक्क्यांतच सगळे आले. समजा, आज हाती ४०,००० रुपये येतात आणि दरवर्षी ३ टक्के वाढ होते. पंधरा वर्षांनी पगार सुमारे ६२,३०० होईल. आकडा भरघोस दिसतो. पण रिझर्व्ह बँकेने समोर ठेवलेले ४ टक्के महागाईचे उद्दिष्टच तेवढ्या काळात पाळले गेले असे धरले, तरी त्या ६२,३०० रुपयांत आजच्या ३४,६०० रुपयांइतकेच सामान येईल. म्हणजे पंधरा वर्षे इमाने इतबारे काम करून, एकदाही पगार कापला न जाता, माणूस महिन्याला सुमारे ५,४०० रुपयांनी गरीब झाला. ही घट कोणत्याही एका एप्रिलमध्ये जाणवत नाही, कारण दरवर्षी पत्रावरचा आकडा आधीपेक्षा मोठाच असतो. नोकरी जागच्या जागी उभी आहे असे वाटत असते, पण खालची जमीन सरकत असते. म्हणून ‘आहे ते बरे आहे’ असे म्हणणाऱ्याने निदान गेल्या पाच वर्षांचा पगार आणि गेल्या पाच वर्षांचा घरखर्च शेजारी शेजारी मांडून पाहावा. महागाईइतकी वाढ मिळत असेल तर ‘आहे ते’ खरोखर आहे. मिळत नसेल तर आपण दरवर्षी थोडे थोडे राजीनामे देत आहोत, फक्त खुर्ची न सोडता.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. नोकरीत आपण जे शिकतो त्याचे दोन प्रकार असतात, हे अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात नीट उलगडून दाखवले. काही कौशल्ये सगळीकडे चालतात, जसे करविवरणपत्र भरणे, यंत्राचा नकाशा वाचणे, ग्राहकाशी बोलणे. काही फक्त त्या एकाच जागी चालतात. कोणती फाइल कोणत्या कपाटात आहे, मालकाचा मूड कोणत्या वारी कसा असतो, वीस वर्षांपूर्वी कोणीतरी बनवून घेतलेले सॉफ्टवेअर अडले की कोणते बटण दोनदा दाबायचे, हे ज्ञान त्या कचेरीत सोन्याच्या मोलाचे आणि फाटकाबाहेर कवडीमोल. आरामाची नोकरी बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानावर उभी असते. तुमच्यावाचून त्यांचे अडते म्हणून तुम्हाला कोणी बोलत नाही. पण त्यांच्यावाचून तुमचेही तितकेच अडते, आणि हे कळायला कचेरी बंद पडावी लागते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सहा वर्षांहून अधिक काळ एकाच ठिकाणी काम करून, कंपनी खालावल्यामुळे नोकरी गमावलेल्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक वर्षे लोटल्यावरही त्यांची कमाई, नोकरी टिकली असती तर मिळाली असती त्याहून सुमारे २५ टक्क्यांनी कमी होती. मराठी वाचकाला यासाठी पेनसिल्व्हेनियाला जायची गरज नाही. मुंबईच्या कापड गिरणीतली कायम नोकरी म्हणजे एके काळी बापाने मुलाला चिकटवून द्यावी अशी ठेव होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हा कधी वाजलेच नाहीत. साच्यावर पंधरा वर्षे काढलेल्या माणसाच्या हातात कसब होते, पण ते विकत घेणारा धंदाच त्या शहरातून उठला. गिरण्या बंद पडण्याची कारणे अनेक होती आणि दोष कामगाराचा नव्हता. मात्र नोकरी सुरक्षित असणे आणि माणूस सुरक्षित असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या पिढीला फार महागात कळले.

याच मुद्द्यातून वयाचा प्रश्न निघतो. अमेरिकेतल्या तरुण पुरुषांच्या कमाईचा रॉबर्ट टोपेल आणि मायकेल वॉर्ड यांनी केलेला अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या दहा वर्षांत एक माणूस सरासरी सात नोकऱ्या करतो आणि त्या काळातल्या पगारवाढीचा किमान एक तृतीयांश भाग नोकरी बदलण्यातून येतो, असे आढळले. आपल्याकडचा आकडा तोच असेल असे नाही, पण कारण इथेही लागू पडते. सुरुवातीला ना नोकरदाराला ठाऊक असते आपण कशात चांगले आहोत, ना मालकाला. दोन-चार ठिकाणी काम केल्यावरच जोड जमते. म्हणून सव्वीसाव्या वर्षी आरामाची खुर्ची मिळणे हे अनेकदा दुर्दैव असते, कारण शोध संपण्याआधीच माणूस मुक्कामाला थांबतो. सेहेचाळीसाव्या वर्षी तीच खुर्ची वेगळी दिसते. स्वतःबद्दलचा बराच शोध लागलेला असतो, बदलाचा फायदा उपभोगायला वर्षे कमी उरलेली असतात, आणि बदल फसला तर सावरायला लागणारा वेळही महाग झालेला असतो. एकच सल्ला दोघांना देणारा माणूस दोघांपैकी एकाचे नुकसान करत असतो.

हे सगळे इतके सरळ आहे तर माणसे हा हिशेब करत का नाहीत? कारण आपले मन तराजूचे एक पारडे आधीच दाबून धरते. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ पासून दाखवून दिले की मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढेच गमावण्याचे दुःख आपल्याला जास्त वाटते. १९८८ मध्ये विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी त्यापुढचे दाखवले. पर्यायांच्या यादीत एखाद्यावर ‘सध्या चालू असलेला’ असा शिक्का मारला की लोक तो जास्त निवडतात. नोकरीत हा शिक्का कायमच मारलेला असतो. नव्या नोकरीतले दोष आपण भिंगातून पाहतो आणि जुनीतले दोष सवयीने दिसेनासे होतात. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी यावर एक विक्षिप्त प्रयोग केला. नोकरी सोडू की नको, अशा मोठ्या निर्णयांत अडकलेल्या लोकांनी इंटरनेटवर नाणे उडवायचे आणि कौल मिळेल तसे शक्यतो करायचे. वीस हजारांहून अधिक वेळा नाणे उडाले. सहा महिन्यांनी विचारले तेव्हा, मोठ्या निर्णयांत ज्यांनी बदल केला ते न करणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी होते. म्हणून उद्याच राजीनामा द्या, असा याचा अर्थ होत नाही. प्रयोगात आले ते आधीच डळमळलेले, उत्सुक आणि इंटरनेटवर नाणे उडवायला तयार असलेले लोक. दहा वर्षांनी त्यांचे काय झाले हे सहा महिन्यांत कळत नाही. ज्याला नोकरीबद्दल शंकाच नाही, त्याला हा निष्कर्ष लागू नाही. पण जो सलग चौथ्या एप्रिलमध्ये बायोडेटा काढून धूळ झटकतो आहे, त्याने एवढे लक्षात ठेवावे की पारडी खरोखर समसमान वाटत असतील, तर ‘राहू दे’ म्हणणारे पारडे आपण नकळत बोटाने दाबलेले असण्याची शक्यता जास्त आहे.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत वजनदार आक्षेप. नोकरी म्हणजे काही सगळे आयुष्य नव्हे. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत, मुलीचे दहावीचे वर्ष आहे, घराचा हप्ता आहे. दहा मिनिटांवर असलेली, वेळेवर सुटणारी नोकरी ही या घराची मुख्य तुळई आहे. अशा बाईला बाहेरची किंमत आणि करिअरची वाढ ऐकवणे म्हणजे जखमेवर मीठ. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या मुद्द्याच्या तो विरोधात जात नाही. आरामाची नोकरी वेळ देते, मनःशांती देते, संध्याकाळ देते. हे पगाराचेच भाग आहेत, फक्त स्लिपवर छापले जात नाहीत. प्रश्न इतकाच की मिळालेली संध्याकाळ कशावर खर्च होते, हे आपल्याला सांगता येते का? द. रा. कापरेकर यांचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेल्या या माणसाने १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी केली. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. बढतीच्या मापाने हे आयुष्य सपाट ठरेल. पण याच मास्तरांनी ६१७४ या संख्येचे गुपित शोधले. कोणतेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. ३५२४ घेऊ. अंक उतरत्या क्रमाने लावा आणि त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करा. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच करा, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत याच संख्येवर येऊन थांबाल. आज ती जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिल्यावर त्यांचे नाव दूरवर पोचले. संख्यांशी खेळायला प्रयोगशाळा लागत नाही, कागद-पेन्सिल आणि मोकळे डोके पुरते. शाळेने बढती दिली नसेल, पण त्यांच्या कामाला लागेल तेवढी जागा दिली. अर्थात, प्रत्येकाने स्थिरांक शोधायला हवा असे नाही. सासऱ्यांचे शेवटचे वर्ष नीट काढणे हाही तितकाच भरभक्कम खर्च आहे. मात्र संध्याकाळ कुठे गेली याचे उत्तर ‘मोबाइलवर’ असे असेल, तर ती नोकरी सुखाची नाही, नुसती सोपी आहे.

जायचे ठरवणाऱ्याने भावनेच्या भरात निघू नये, पण भीतीच्या भरात थांबूही नये. उदाहरण म्हणून ग्रॅच्युइटी घ्या. कायम नोकरदाराला ती एरवी पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर मिळते. हिशेब असा की शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ ने भागून १५ ने गुणायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. ही बेरीज २६,००० असेल तर वर्षाला १५,००० आणि पाच वर्षांचे ७५,००० होतात. आता एखाद्याची सव्वाचार वर्षे झाली आहेत आणि बाहेर महिन्याला १२,००० जास्त देणारी नोकरी समोर आहे. कचेरीतला प्रत्येक जण सांगेल, अरे थांब, नऊ महिन्यांसाठी ग्रॅच्युइटी कशाला घालवतोस? पण नऊ महिने थांबण्याची किंमत १,०८,००० रुपये आहे, मिळणार ७५,०००. शिवाय नव्या ठिकाणी ग्रॅच्युइटीचे घड्याळ तितके आधी सुरू होते. उलट फरक फक्त पाच हजारांचा असेल तर थांबण्याची किंमत ४५,००० इतकीच, आणि थांबणेच शहाणपणाचे. भविष्य निर्वाह निधीचेही असेच. नोकरी बदलली म्हणून तो बुडत नाही, नव्या खात्यात वळवता येतो. निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षेही वेगवेगळ्या नोकऱ्यांतली मिळून मोजली जातात. अडचण तेव्हा येते जेव्हा माणूस मध्येच सगळे पैसे काढून सोफा घेतो. म्हणजे ज्याला आपण ‘अडकलोय’ म्हणतो त्यातल्या बऱ्याच गाठी कागदावर मांडल्या की सुटतात, आणि ज्या सुटत नाहीत त्या खऱ्या असतात.

राहायचे ठरवणाऱ्यालाही काम उरतेच. एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचे निरीक्षण मांडले होते. पद आणि पगार सारखाच असताना काही जण आपले काम झाडू-पोछ्यापुरते धरत, तर काही जण रुग्णांशी, नर्सशी, नातेवाइकांशी जोडून घेऊन तेच काम आतून मोठे करत. हुद्दा बदलला नव्हता, कामाची हद्द त्यांनी स्वतः सरकवली होती. मालकाला हे फुकटात मिळते, हा धोका आहेच. कामाची हद्द वाढली आणि पगार जागीच राहिला, तर ती पिळवणूक ठरते. म्हणून नवे काम निवडताना एकच कसोटी ठेवावी, की हे काम फाटकाबाहेरही चालते का? जीएसटीचे काम मागून घ्यावे, चहाच्या बिलांचे नको. नवे सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांच्या गटात शिरावे, वाढदिवसाच्या वर्गणीच्या गटात नको. आणि वर्षातून एकदा, नोकरी सोडायची नसली तरी, एखादी मुलाखत द्यावी. जमिनीचा भाव ठाऊक असणे म्हणजे जमीन विकणे नव्हे. आपला बाजारभाव कळला की राहणेही ताठ मानेने होते, आणि पगारवाढ मागताना आवाज कापत नाही.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असे म्हणणाऱ्या समाजाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत नोकरीलाच घराचा कणा केले, तेव्हा तिच्याभोवती भीती जमणे साहजिक होते. शेतकरी मात्र दर मृगाला यंदा काय पेरायचे हे नव्याने ठरवतो. गेल्या वर्षीचेच पीक घ्यायचे ठरले, तरी ते ठरवून घेतो. नोकरदाराचा मृग एप्रिलमध्ये येतो, पगारवाढीच्या पत्रासोबत. त्या दिवशी पत्र खणात टाकण्याआधी मागच्या कोऱ्या बाजूवर तीन ओळी लिहाव्यात. गेल्या वर्षी माझा दिवस किती माझा होता, पगार महागाईच्या पुढे गेला की मागे राहिला, आणि फाटकाबाहेर चालेल असे नवे काय शिकलो. शेवटी वाचलेली संध्याकाळ कोणावर खर्च झाली, तेही लिहावे. सलग दोन एप्रिल तीनही ओळी रिकाम्या राहिल्या आणि संध्याकाळीसमोरही कोणाचे नाव लिहिता आले नाही, तर बायोडेटा मे महिन्यात विसरायचा नाही. ओळी भरत असतील, तर वरची खुर्ची मालकाच्या मुलाला खुशाल मिळू द्यावी.